१८१८ नंतरचा अंमल : निवाडा कोणाचा?

डिसेंबरची एकतीस तारीख आली की आमच्या आसनगाव-शहापूर भागातल्या बुद्धवाड्यांतून भाड्याच्या जीपगाड्या आणि टेम्पो निघतात. शहापूर, किन्हवली, सरळगाव करीत ते माळशेज चढतात, आळेफाट्याला चहासाठी थांबतात आणि पहाटे भीमा कोरेगावला पोचतात. १ जानेवारीला विजयस्तंभास मानवंदना दिली की गाड्या परततात. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ जानेवारीला, ह्याच मुलखातली माणसे म्हशाच्या पलीकडे सिद्धगडाकडे जातात. १९४३ साली त्या तारखेस भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. पहिल्या दिवशी कंपनी सरकारच्या पलटणीत लढून मेलेल्यांना वंदन, दुसऱ्या दिवशी त्या सरकारच्या वारसांशी लढून मेलेल्यांना वंदन. मध्ये एका रात्रीचे अंतर.

मी ह्या परिसरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझा अर्धा वर्ग कसारा लोकलने येतो आणि उरलेला अर्धा पाड्यांवरून, वाड्यांवरून पायी येतो. १८१८ चा धडा चालू असताना बुद्धवाड्यातली एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, इंग्रज आले म्हणून आपण शिकलो ना?’’ मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा महादेव कोळ्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘आमच्या राघोजीला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली ती कोणी?’’ वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी त्या तासाला काहीतरी बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या तासाचे राहिलेले उत्तर आहे.

पाठ्यपुस्तकात त्या धड्याला ‘मराठी सत्तेचा अस्त’ असे म्हणतात. अस्त म्हटले की अंधार आलाच. परंतु ज्याच्या घरात आधीही दिवा नव्हता त्याला सूर्य कोणत्या घटकेला मावळला ते कसे कळावे? वस्तुतः १८१८ साली जे घडले त्याला राज्यशास्त्राच्या भाषेत युद्धोत्तर ताबा म्हणतात. जिंकलेल्या सैन्याने हरलेल्या मुलखात ठाण मांडले, आपला कमिशनर नेमला आणि पुढची व्यवस्था लावली. अशा प्रत्येक ताब्याचा निवाडा पिढीगणिक बदलत जातो. तो का बदलतो, हे तपासण्यास आपल्याला जर्मनी-जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्यापर्यंत गेलो तरी पुरे.

आमच्या उत्तर कोकणात तर लढाईचीही वाट पाहावी लागली नाही. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावाने हा मुलूख कंपनीला लिहून दिला होता. घाटावर मात्र युद्ध झाले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव झाले, फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडला आणि जूनच्या आरंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक मिळाली आणि तो बिठूरला गेला. शनिवारवाड्यावरचे निशाण चढवण्याचा मान बाळाजीपंत नातूकडे जातो. फितुरीचा आरोप करायचाच झाला तर यादीत पहिले नाव कोणत्या आळीतले येते, हे ह्यावरून दिसते. पण फितुरीच्या याद्या करणे हा माझा विषय नाही.

माझा विषय आहे तो ११ फेब्रुवारी १८१८ चा जाहीरनामा. सातारा हाती येताच एल्फिन्स्टनने तो काढला. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने यांना धक्का लागणार नाही. सर्वांचे धर्म व चालीरीती योग्य त्या मर्यादेत चालू राहतील, असे अभय त्यात होते. हे अभय कोणासाठी होते? ज्यांच्याजवळ हरवण्यासारखे काही होते त्यांच्यासाठी. जेता प्रथम भितो तो त्यांना, आणि म्हणून प्रथम समजावतो तेही त्यांनाच. पेशवाईतली दक्षिणा बंद झाल्याने ब्राह्मण बिथरतील ह्या चिंतेतून दक्षिणेच्या पैशाची सोय लागली आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. प्रवेश अर्थातच ब्राह्मणांना. पेशवाई गेली आणि तीन-साडेतीन वर्षांत तिची विद्येची मक्तेदारी सरकारी खर्चाने पुन्हा उभी राहिली.

त्याच एल्फिन्स्टनने गव्हर्नर झाल्यावर १८२४ साली शिक्षणावर एक टिपण लिहिले. मिशनऱ्यांना अत्यंत खालच्या जातींची मुले सर्वांत हुशार विद्यार्थी वाटतात, हे त्याने कबूल केले आहे. आणि कबूल करून लगेच इशारा दिला आहे की ह्या मुलांना खास उत्तेजन देताना फार जपावे. शिक्षणाने प्रथम त्यांच्यात मूळ धरले तर ते वरच्या जातींत पसरणारच नाही. म्हणजे आमच्या मुलांच्या बुद्धीविषयी त्याला शंका नव्हती. तो एक हिशेब होता आणि त्या हिशेबात आम्ही बाकी राहिलो. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात हे टिपण काढून दाखवले. एकशेचार वर्षांपूर्वीच्या एका सरकारी कागदाचा नवा अर्थ तेव्हा लागला. कागद तोच होता. तो वाचणारा प्रथमच अस्पृश्य होता. ताब्याचा निवाडा बदलतो तो बहुधा असा. नवा पुरावा क्वचितच सापडतो. नवा वाचक येतो.

त्याच निवेदनात धारवाडच्या महार मुलाची हकिकत आहे. १८५६ च्या जूनमध्ये त्याने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने तत्त्व मान्य केले आणि दार बंद ठेवले. एका मुलासाठी साऱ्या शाळेचा उपयोग घालवणे बरे नव्हे, असा त्या निकालाचा सारांश. माझ्या वर्गातल्या मुलीला मी आता हे सांगतो : इंग्रजांच्या काळात आपण शिकलो हे खरे, इंग्रजांनी शिकवले हे अर्धेमुर्धे खरे. पलटणीत शिपायाच्या पोरांना शाळा होती, रामजी सुभेदारांच्या घरात अक्षर आले ते त्या वाटेने. गावात शाळा काढायला जोतीराव आणि सावित्रीबाई लागली.

जातीच्या बाबतीत तर ह्या अंमलाने एक वेगळेच काम केले. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनाने जातींच्या अंतर्गत प्रश्नांत कोर्टांनी पडू नये असे ठरले. त्याच वर्षी आर्थर स्टीलने दक्षिणेतल्या जातींचे कायदे व रूढी यांचे पुस्तक तयार केले. माहिती घेतली ती शास्त्र्यांकडून व जातिप्रमुखांकडून. तोंडी होते तोवर ज्याच्यात थोडी ओढाताण शक्य होती, ते छापील झाले. महारांचे वतनही तसेच. जाहीरनाम्यात वतने राखण्याचे अभय होते, त्यात आमचेही वतन राखले गेले! हाडकी-हाडोळ्याचा तुकडा राखला, बलुते राखले आणि त्यांच्यासकट रात्रंदिवसाची चाकरीही राखली. १८७४ च्या वतन कायद्याने तिच्यावर सरकारी शिक्का बसला. माझा पणजा येसकर होता. सरकारी वसुलीची थैली तालुक्याला पोचवणे, साहेबाचे सामान पुढच्या मुक्कामी नेणे, मर्तिकाची वर्दी देणे, मेलेले ढोर ओढणे ही सगळी कामे त्याच्याकडे होती. थैलीत राणीचे रुपये होते, आधी पेशव्यांचे होते. वाहणारी पाठ तीच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणले, ते सरकारने तडीस जाऊ दिले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, स्वराज्यात. आजोबा सांगत की तुकडा आपल्या नावावर करून घ्यायला पैसे भरावे लागले. पण पाळी सुटली, हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज बदलत असे.

आता लोक ह्या अंमलाविषयी काय म्हणत गेले ते पाहू. पहिल्या तीस वर्षांतच मते फुटली होती. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहून इंग्रज ह्या देशाला कसे लुटत आहेत ते मांडले. सात-आठ वर्षांनी लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधल्या शतपत्रांत ह्याच राज्याला जवळजवळ ईश्वरी योजना मानून ब्राह्मणांना झोडपले. त्याच सुमारास, २ मे १८४८ रोजी, राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याने पत्रे छापली नाहीत. त्याचे मत सरकारी दप्तरात ‘बंड’ ह्या एका शब्दाखाली नोंदले गेले आणि कित्येक वर्षे ते तिथेच पडून राहिले.

जोतीरावांचा निवाडा ह्या सर्वांहून निराळा, कारण तो एका दमात दोन्ही बाजूंना लागू होतो. पेशवाईचा जाच गेला ह्याबद्दल त्यांना समाधान होते. सवाई माधवरावाच्या काळात पंढरपुरात चोखामेळ्याच्या दगडापाशी महारांनी यावे की नाही ह्यावर सरकारी हुकूम निघत होते, हे ज्या समाजाने भोगले त्याला हे समाधान समजावून सांगावे लागत नाही. परंतु ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचणाऱ्याला हेही दिसते की गोरा कामगार ऐषआरामात राहतो, कारभार भटकारकुनांवर सोडतो आणि सारा मात्र चोख घेतो, ह्याबद्दल जोतीरावांनी त्याला सोडलेले नाही. त्यांना इंग्रजभक्त म्हणणाऱ्यांनी असूडाची पाने उलटलेली नसतात.

‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली आहे, गुलामांच्या मुक्ततेबद्दल. ह्या अर्पणपत्रिकेचे साल लक्षात घेण्यासारखे आहे. १८७३ साली अमेरिकेच्या दक्षिणेत खरोखरच एक युद्धोत्तर अंमल चालू होता. यादवी युद्ध १८६५ ला संपले. १८६७ च्या कायद्याने दक्षिणेतल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडले गेले. काळ्यांना मत मिळाले, शाळा निघाल्या, १८७० साली हायरम रेव्हेल्स हा काळा माणूस सिनेटात बसला. इकडच्या जेत्याने खालच्यांना शिकवण्याची भीती घेतली, तिकडच्याने काही काळ तरी ती घेतली नाही. १८७७ साली फौजा मागे आल्या आणि जुन्या मालकांनी सगळे परत घेतले. मग निवाडा लिहिला तो त्यांच्या बाजूने. कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक डनिंग आणि त्याचे शिष्य यांनी तो काळ म्हणजे अडाण्यांच्या हाती दिलेला सत्यानाश, असे दोन पिढ्यांना शिकवले. १९१३ ते १९१६ ह्या काळात बाबासाहेब कोलंबियात शिकत होते तेव्हा डनिंग तिथेच शिकवत होता. १९३५ साली डु बॉइस ह्या काळ्या विद्वानाने जाडजूड ग्रंथ लिहून तो निवाडा उलटवला. विद्यापीठांनी त्याची खरी दखल घेतली ती काळ्यांची नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर आल्यानंतर. बाबासाहेबांनी १९४६ साली ह्याच डु बॉइसना पत्र लिहिले होते. दोघांच्या ओळखीचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

आपल्याकडे जोतीरावांच्या मागोमाग उलटा निवाडा आला. १८७४ पासून चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली आणि एल्फिन्स्टनच्या पाठशाळेच्या नातवंडांनी इंग्रजी अंमलाला दास्य म्हणायला सुरुवात केली. ते दास्य होतेच, ह्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की ते पन्नास वर्षांनी का जाणवले? इनाम कमिशनने इनामे तपासायला घेतली होती, शिकलेल्यांना मोठ्या जागा मिळत नव्हत्या, हे कारण माझ्या मते स्वाभिमानाइतकेच खरे आहे. १९१८ साली शताब्दीच्या निमित्ताने न. चिं. केळकरांनी ‘मराठे व इंग्रज’ लिहिले आणि राज्य का गेले ह्याची कारणे शोधली. राज्य कोणाचे गेले, हा प्रश्न मात्र पुणेरी इतिहासाला फारसा पडला नाही.

आमच्या लोकांचा निवाडाही एका जागी उभा राहिलेला नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या जिवावर मुंबईची फौज उभी राहिली त्यांना लढाऊ जात नाही म्हणून बाहेर काढले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी केलेले अर्ज वाचले तर सूर विनंतीचा आहे. आम्ही इमानाने सेवा केली, सरकारने आठवण ठेवावी. काही तरुणांना आज हा सूर खटकतो. त्यांनी तो अर्ज कोणत्या वर्षी, कोणापुढे आणि कोणत्या दुसऱ्या दारावर थाप मारायची सोय नसताना केला, हे पाहावे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले. आणि १९३० साली गोलमेज परिषदेत, इंग्रजांच्याच राजधानीत, त्यांनी हिशेब मांडला : तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, फौज-पोलीस बंद होते, तुम्ही येऊन इतकी वर्षे झाली, ह्यातले काय उघडले? विनंतीची जागा जाबाने घेतली. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून. गरज पडली की बंदूक आणि गरज संपली की येसकरपाळी, हा त्या अंमलाचा आमच्याशी असलेला खरा व्यवहार.

कोरेगावविषयी मी वर्गात जे सांगतो ते आमच्या काही मित्रांना आवडत नाही, तरी इथे सांगतो. आपल्या पत्रकांतून पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापले असे छापले जाते. कॅप्टन स्टाँटनजवळ पायदळ, घोडेस्वार आणि तोफखाना मिळून सुमारे आठशे माणसे होती. त्यांत महारांखेरीज इतरही होते. पेशव्याचा जमाव पंचवीस-अठ्ठावीस हजारांचा सांगतात, परंतु गावावर चालून आले ते दोन हजारांच्या आसपास, आणि त्यांत अरब मोठ्या संख्येने होते. दिवसभर पाण्यावाचून ही तुकडी गावात टिकली, पेशव्याने गाव न घेताच मुक्काम हलवला. स्तंभाची पायाभरणी १८२१ ची, आणि तो कंपनीने स्वतःच्या कौतुकासाठी उभारला. त्यावर कामी आलेल्या एकोणपन्नास जणांची नावे आहेत आणि त्यांतली बावीस ‘नाक’ प्रत्ययाची. उरलेल्यांत मराठे, रजपूत, मुसलमान, यहुदी.

बावीस नावे मला पुरेशी वाटतात. ज्या माणसाची सावली अपवित्र मानली जात होती त्याचे नाव दगडावर, इतरांच्या बरोबरीने, सरकारी खर्चाने कोरले गेले. ह्याहून मोठा आकडा कशाला हवा? फुगवलेला आकडा विरोधकाच्या हाती लागतो आणि तो बावीस नावेही पुसायला निघतो. २०१८ साली, द्विशताब्दीच्या दिवशी, तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. आमच्या भागातल्या गाड्या त्या वेळी उशिरा परतल्या. मायबाया रात्रभर दारात बसून होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा निवाडा अजून किती ओला आहे हे मला ग्रंथालयात कळले नाही, त्या रात्री कळले.

राहिला तो कोळ्याचा मुलगा. त्याला मी त्या दिवशी काही सांगू शकलो नाही, कारण माझ्या हिशेबात त्याचे खाते नव्हते. पेशवाई वाईट की इंग्रजी अंमल वाईट, ह्या ब्राह्मण विरुद्ध दलित वादात आम्ही इतके गुंतलो की जंगलाचा विचार राहूनच गेला. १८७८ च्या जंगल कायद्याने सह्याद्रीच्या ह्या उतरणीवरची रानेच्या राने राखीव झाली. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली यांचा लाकूडफाटा, राब, शिकार, मोह हे सगळे एका दिवसात गुन्ह्यात जमा झाले. त्यांना ह्या अंमलाने टिकणारी पलटणही दिली नाही आणि शाळाही दिली नाही. १८९२ साली आमच्याच शहापूर तालुक्यात तानसाचे धरण पुरे झाले आणि पाणी मुंबईला गेले. पुढे स्वराज्यात भातसा झाले, त्याचेही पाणी मुंबईला जाते. चैत्र लागला की शहापूरच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. कोणाच्या अंमलात हे सुरू झाले आणि कोणाच्या अंमलात चालू राहिले, असा प्रश्न मी त्या मुलाला नाही विचारला. त्यानेच मला विचारला.

भाई कोतवालांविषयीही मी नव्याने वाचले. माथेरानचा हा वकील नाभिक समाजातला. बेचाळीसच्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणारा म्हणून तो सर्वांना माहीत आहे. सावकाराच्या दारात जाणाऱ्या कुळांसाठी त्याने धान्याच्या पेढ्या चालवल्या होत्या, शाळा काढल्या होत्या, हे कमी माहीत आहे. म्हणजे सिद्धगडावर पडला तो माणूस ‘गेलेले राज्य’ परत आणायला निघाला नव्हता. कोरेगावचा शिपाई आणि सिद्धगडचा कोतवाल यांना समोरासमोर उभे करणारे बहुधा दोघांच्याही घरचे नसतात.

गेल्या डिसेंबरात त्या मुलाने विचारले, ‘‘सर, तुमच्या गाडीत जागा आहे का?’’ तो कोरेगावला आमच्याबरोबर आला. स्तंभावरची नावे त्याने बोटाने एकेक करून वाचली, वहीत उतरवून घेतली. परतीच्या वाटेवर बुद्धवाड्यातली ती मुलगी मला म्हणाली, ‘‘उद्या सिद्धगडला जायला सरळगावला उतरलं तर चालेल का?’’ सरळगावला तिची मावशी राहते. आम्ही रात्री साडेनऊला तिला तिथे उतरवले, आणि तोही तिच्या मागोमाग उतरला. त्याचा चुलता तिथून पुढे दोन मैलांवरच्या पाड्यात असतो.